ब्लॅकबेरी सरसकट छाटू नका

इंग्लंड-अमेरिकेत परसबाग करणाऱ्या आपल्या मंडळींकडून एक सल्ला वारंवार ऐकू येतो: हिवाळ्यात ब्लॅकबेरी जमिनीलगत कापून टाका, वसंतात जोमाने फुटेल. फुटेल खरी, पण बहुतेक जातींना त्या वर्षी फळ धरणार नाही.

ब्लॅकबेरीचं मूळ वर्षानुवर्षं जगतं, काडी मात्र दोनच वर्षं. पहिल्या वर्षी ती नुसती वाढते. दुसऱ्या वर्षी फुलते, फळते आणि मरते. म्हणजे हिवाळ्यात दिसणाऱ्या त्या कोवळ्या, जिवंत काड्या हेच येत्या उन्हाळ्याचं पीक. कळकळीने सांगते, त्यांना हात लावू नका.

कापायच्या त्या फळं देऊन वाळू लागलेल्या काड्या, तोडा संपला की बुंध्यापासून. उभट वाढणाऱ्या नव्या काडीचा शेंडा उन्हाळ्यात ३-४ फुटांवर खुडा, बगलेतून फांद्या फुटतात. हिवाळा सरताना त्या दीड फुटावर आणा.

सरसकट छाटणी चालते ती पहिल्याच वर्षीच्या काडीवर फळणाऱ्या जातींना. आर्कान्सा विद्यापीठाने २००४ साली आणलेल्या ‘प्राइम-जिम’ आणि ‘प्राइम-जॅन’ या तशा जाती. म्हणून रोपासोबत आलेली जातीची चिठ्ठी फेकू नका.