चर्या, कडे आणि धमकी

'मिनेटरी' हे इंग्रजी विशेषण क्वचितच भेटतं, आणि भेटलं की ते 'मिनिट'च्या कुळातलं असावं असं वाटतं. तसं नाही. 'मिनिट' आला 'लहान केलेलं' या अर्थाच्या लॅटिन शब्दातून. 'मिनेटरी' म्हणजे धमकावणारा. सोळाव्या शतकात इंग्रजीत आलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'मिनाय' आहे.

'मिनाय'चे अर्थ दोन: धमक्या, आणि तटाच्या माथ्यावरची पुढे आलेली टोकं. विजयदुर्गाच्या चर्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे दाते, खाली होडीतून पाहिल्या की हे दोन अर्थ एका शब्दात का राहिले ते कळतं. रोमन कवी व्हर्जिलने कार्थेज नगराच्या अर्धवट राहिलेल्या तटांसाठी हाच शब्द वापरलाय. तिथे चर्या घ्यायच्या की दरारा, दोन्ही अर्थ लागतात.

भाषाशास्त्रज्ञ याचं मूळ 'पुढे येणं, उठून दिसणं' या अर्थाच्या 'मेन्' धातूपर्यंत नेतात. याच कुळातला 'एमिनंट' म्हणजे उठून दिसणारा, 'प्रॉमिनंट' पुढे आलेला, आणि 'इमिनंट' डोक्यावर झुकलेला, म्हणूनच येऊ घातलेला. हा झुकलेपणा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर उघड्या डोळ्यांनी दिसतो. जांभ्याच्या कठीण थराखाली मऊ माती असते. लाटा आणि झिरपणारं पाणी ती पोखरतात, वरचा जांभा आधाराविना पुढे लोंबत राहतो, आणि एक दिवस कोसळतो. अर्थ बदलतो तो बहुधा याच दिशेने: आधी डोळ्यांना दिसणारा आकार, मग मनातली भीती. मराठीतही कडा अंगावर येतो आणि संतापलेला माणूसही. ही लॅटिनची उसनवारी नव्हे. अनुभव सारखा, म्हणून वाट सारखी.

असं साम्य दिसलं की 'सगळे शब्द आमच्याच भाषेतून गेले' असे संदेश फिरू लागतात. त्यांवर विश्वास ठेवू नये. शब्दांचं नातं ठरतं नियमित ध्वनिबदलांवरून, कानाला सारखं वाटण्यावरून नव्हे. 'मनोरा' या कुळातला वाटेल, पण तो अरबी 'मनारा'चा, म्हणजे प्रकाशाच्या जागेचा वंशज.

'मिनाय'पासून 'मिनारी', धमकावणं, हे क्रियापद झालं. उत्तरकालीन लॅटिनमध्ये त्याचं 'मिनारे' झालं आणि अर्थ उरला गुरं ओरडून हाकणं. फ्रेंचमध्ये त्याचं 'मने' झालं, अर्थ फक्त नेणं. त्यातूनच फिरायला नेणारा 'प्रॉमनेड' निघाला. त्यामुळे 'प्रॉमिनंट' आणि 'प्रॉमनेड' यांचं नातं खरं आहे, फक्त दुसरा गुराख्याच्या वाटेने आला.