सुपरचार्जरच्या गाडीला पेट्रोल नेमकं कुठे कमी पडतं?

सांगली-मिरजेच्या गॅरेजमध्ये सुपरचार्जर बसवलेल्या गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पंप कितीचा टाकला?" उत्तर येतं, "255 चा." म्हणजे ताशी 255 लिटर. तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. पण हे 255 लिटर किती दाबाला आणि किती व्होल्टला, हे कुणी विचारत नाही. खरं तर इंजिन टिकणार की बसणार, हे तिथेच ठरतं.

सुपरचार्जर म्हणजे क्रँकच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा कॉम्प्रेसर. 0.7 बार बूस्ट, म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब, दिला तर सिलिंडरमध्ये साधारण दीडपट हवा कोंबली जाते. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने 14.7 पट हवा लागते, पण बूस्टखाली पूर्ण लोडवर हे प्रमाण मुद्दाम 11.5 ते 12 वर ठेवतात, म्हणजे पेट्रोल जास्त सोडतात. वरचं पेट्रोल जळण्यासाठी नसतंच. त्याची वाफ होताना ते उष्णता शोषतं आणि ज्वलनाची धग आटोक्यात ठेवतं. इथे पेट्रोल कमी पडलं, तर ज्योत पोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच आपण नॉकिंग म्हणतो. अशा इंजिनाचा प्लग काढून भिंगाखाली धरा. पांढऱ्या चिनी मातीवर कधी कधी मोहरीहून बारीक, चकचकीत कण दिसतात. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. कण दिसले, तर कारण सापडेपर्यंत गाडीला स्टार्टर मारू नका.

आता हिशेब. सुपरचार्जरच्या इंजिनाला एका हॉर्सपॉवरमागे तासाला ढोबळमानाने 270 ग्रॅम पेट्रोल लागतं. 300 हॉर्सपॉवरला झालं 81 किलो, म्हणजे जवळपास 110 लिटर. पेट्रोल फवारणाऱ्या चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी मिनिटाला 460 सीसी. इंजेक्टर सतत उघडा ठेवता येत नाही. 6000 आरपीएमला चार स्ट्रोकच्या एका चक्राला, म्हणजे क्रँकच्या दोन फेऱ्यांना, अवघे 20 मिलिसेकंद मिळतात, आणि त्यातला 80 टक्के वेळच वापरायचा असा शिरस्ता आहे. म्हणून इंजेक्टर लागतो 575 सीसीच्या आसपासचा.

110 लिटर लागतात आणि पंप 255 चा आहे, मग अडलं कुठे? अडतं ते वाटेत.

इंजेक्टरला रेलमधला, म्हणजे त्याला पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला, दाब कळत नाही, त्याला कळतो फक्त मागच्या-पुढच्या दाबातला फरक. मागे 3 बार पेट्रोल आणि पुढे मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत) 0.7 बार बूस्ट असेल, तर पेट्रोलला ढकलायला उरतात 2.3 बार. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे भर लोडवर 12 टक्के पेट्रोल गायब. बूस्टची नळी पेट्रोलचा दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरला जोडली की बूस्टएवढाच रेलचा दाबही वाढतो, 3 चा 3.7 होतो. माझ्या मते सगळ्या कामात ही बोटभर रबरी नळी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच क्लिपशिवाय नुसती खोचून ठेवलेली दिसते.

दाब वाढला की पंपाचं पाणी उतरतं. कृष्णाकाठी मोटर घेणारा शेतकरी आधी हेड विचारतो, कारण उंची वाढली की तीच मोटर कमी पाणी फेकते. टाकीतल्या पंपाचा हिशेब तोच. त्यात वायरिंग जुनं, बारीक तारांचं. गाडीचा अल्टरनेटर 14 व्होल्ट देत असला तरी पंपापाशी 11.5 च पोचत असतील, तर डब्यावरचा आकडा विसरा. रिले टाकून बॅटरीवरून जाड वायर थेट पंपाला द्यावी आणि अर्थिंगही नवं करावं. खर्च थोडा, फरक मोठा.

टाकीच्या आतला पाइपही बघा. बाहेरून वापरायचा साधा फ्युएल पाइप पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी बनलेला नसतो. तो फुगतो, मऊ पडतो, एक दिवस क्लिपपाशी फाटतो, आणि दाब टाकीतल्या टाकीतच जिरतो. बाहेर थेंबही दिसत नाही.

पसरणी घाटासारख्या वळणांवर आणखी एक गोष्ट होते. टाकी निम्म्याहून खाली असली की पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. त्यासाठी पंपाभोवती पेट्रोल धरून ठेवणारी वाटी किंवा वेगळी छोटी टाकी बसवतात.

आपल्या ऊसपट्ट्यातल्या कारखान्यांचं इथेनॉलही या हिशेबात येतं. इथेनॉलला वजनाच्या 9 पटच हवा लागते, त्यामुळे 20 टक्के मिश्रणाचं इंधन तेवढ्याच हवेला 8 ते 9 टक्के जास्त द्यावं लागतं. पंप, इंजेक्टर दोन्हींवर तेवढा भार वाढतो. बदल्यात इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता घेतं, शिवाय त्याचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, जास्त. बूस्टच्या इंजिनाला हे मानवतं, फक्त पाइप आणि सील इथेनॉल सोसणारे हवेत.

हे सगळं ट्रॅकवरच्या गाडीसाठी. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची मनाई आहे.

काम झालं की डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) रेलचा दाब आणि सायलेन्सरमधल्या, हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरचं रीडिंग एकत्र नोंदवा. आरपीएम वाढताना दाब घसरला, तर दोष पंप, वायर, फिल्टर किंवा पाइपात. दाब बूस्टबरोबर हवा तसा चढला आणि तरीही मिश्रण पातळ पडलं, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, तर आधी ट्यूनिंग तपासा. ते बरोबर असून इंजेक्टर 80 टक्क्यांच्या वर उघडा राहत असेल, तर इंजेक्टर लहान आहेत. दोन्ही रेषा शेवटच्या आरपीएमपर्यंत जागेवर राहिल्या, तरच बूस्ट वाढवायचं नाव काढा.