आईवडिलांना शुगर आहे, आपल्याला होणारी कशी टाळायची?

आईला किंवा वडिलांना टाइप २ मधुमेह असेल, तर आपल्याला तो होण्याचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट-तिप्पट असतो. दोघांनाही असेल तर त्याहून जास्त. मग 'आमच्या घराण्यातच शुगर आहे, आज ना उद्या येणारच' असं धरून चाललं जातं आणि पहिली तपासणी होते ती पायाची जखम महिनाभर भरली नाही म्हणून. तोवर आजार आत शिरून बरीच वर्षं झालेली असतात. खरं काम त्याच्या आधीच्या दहा-पंधरा वर्षांत, म्हणजे पंचविशी-तिशीपासून करायचं असतं.

घराण्यातून नेमकं येतं काय? टाइप २ मधुमेहाचा एकच एक जनुक नाही. शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. टीसीएफ७एल२ हा त्यातला ठळक. यातल्या बऱ्याच जनुकांमुळे स्वादुपिंडातल्या बीटा पेशींची इन्सुलिन बनवण्याची ताकद मुळात बेताची असते. शरीराची गरज कमी आहे तोवर ही ताकद पुरून उरते. पोट सुटलं, यकृतात चरबी साठली, स्नायूंना काम उरलं नाही की तेवढ्याच साखरेला जास्त इन्सुलिन लागतं आणि बीटा पेशी कमी पडू लागतात. जनुकं आपल्या हातात नाहीत. इन्सुलिनची ही वाढलेली गरज मात्र कमी करता येते.

शिवाय घराण्यातून जनुकांबरोबर ताटही येतं. आपल्या कोकणात आजोबा नांगरणी, चिखलणी, लावणी करायचे, गवताचे भारे डोक्यावरून आणायचे. त्यांच्या ताटातला भात त्या कामातच खर्च व्हायचा, कारण जेवणातून आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. आज शेतात पॉवर टिलर आहे, दारात रिक्षा येते, नातू मुंबईत नाहीतर लोटे औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात शिफ्ट करतो. भात तेवढाच राहिला. किनारपट्टीची आजची स्थिती किती गंभीर आहे, हे गोव्याकडे पाहून कळतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण प्रौढांमध्ये ११.४ टक्के निघालं. गोव्यात ते २६.४ टक्के, देशात सर्वांत जास्त.

'मी तर बारीक आहे' हा दिलासा आपल्या लोकांना फारसा लागू पडत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या हिशेबात दोघांचं वजन सारखं, बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त कामाची. बरगडीचं सर्वांत खालचं हाड आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, कपड्यावरून नव्हे तर अंगावर, टेप सगळीकडून सारख्या पातळीत धरून, श्वास सहज सोडल्यावर मापायचं. पोट आत ओढायचं नाही. पॅन्टचा नंबर इथे फसवतो, कारण पोट सुटलेला माणूस पॅन्ट पोटाच्या खाली बांधतो आणि नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ.

चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या गटाने भारतीयांसाठी केलेला एक सोपा हिशेब घरच्या घरी मांडता येतो. वय ३५ ते ४९ असेल तर २० गुण, पन्नाशी गाठली असेल तर ३०. पुरुषाची कंबर ९० ते ९९ किंवा स्त्रीची ८० ते ८९ असेल तर १०, त्याहून जास्त असेल तर २०. ना व्यायाम ना कष्टाचं काम, तर ३०. दोन्हींपैकी एक असेल तर २०. दोन्ही असतील तर शून्य. आई किंवा वडिलांपैकी एकाला मधुमेह असेल तर १०, दोघांना असेल तर २०. बेरीज ६० किंवा जास्त आली तर धोका मोठा. समजा चिपळुणातला ३६ वर्षांचा रिक्षाचालक, कंबर ९४, व्यायाम नाही, आईला मधुमेह: २०, १०, ३० आणि १० मिळून ७०. त्याने रोज चालणं सुरू केलं आणि कंबर ९० च्या आत आणली की तेच ५० होतात. वय आणि आई बदललेली नाही.

तपासणी मात्र तरीही करायचीच. आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे सरकारी आरोग्य केंद्रात, तिशीपुढच्यांची तपासणी मोफत होते, पण घरात मधुमेह आहे आणि कंबरही वाढली आहे अशांनी तिशीची वाट पाहू नये. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ ही मधुमेहपूर्व अवस्था, १२६ पासून पुढे मधुमेह. त्रास काही जाणवत नसेल तर दुसऱ्यांदा तपासून खात्री करतात. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काहीही नाही. 'फक्त अर्धा कप चहा' घेतला तरी तपासणी वाया जाते. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ ते ६.४ असेल तर मधुमेहपूर्व, ६.५ पासून मधुमेह. लोहाची कमतरता असलेल्या बाईत हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिनही सोबत बघावं. घरच्या ग्लुकोमीटरवर तपासणार असाल तर आधी साबणाने हात धुवून पूर्ण कोरडे करा. आंबा कापलेल्या बोटातून थेंब काढला तर यंत्र आंब्याचीही साखर मोजतं.

हे सगळं करून उपयोग होतो का? होतो. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहपूर्व अवस्थेतल्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. नुसता नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. रोज चालणं आणि जेवणातला बदल ज्यांच्याकडून नेटाने करून घेतला त्यांच्यात ३९.३ टक्क्यांना. विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता ताट. कोकणी माणसाला भात सोडायला सांगणं व्यर्थ आहे, आणि त्याची गरजही नाही. साधारण १५० मिलिलिटरच्या वाटीत मावणाऱ्या शिजलेल्या भातात अंदाजे ३० ग्रॅम पिष्ट असतं. दुपारी तीन वाट्या घेत असाल तर दीडवर या. रिकामी झालेली जागा रिकामी ठेवू नका, नाहीतर चार वाजता फरसाणाचा डबा उघडतो. तिथे टाकळा, कुर्डू, लाल माठ अशी भाजी आणि बांगड्याचा किंवा तारलीचा एक जादा तुकडा येऊ द्या, तोही रव्यात तळलेला नको, तिकल्यातला, म्हणजे मसाल्याच्या रश्शातला. खाण्याचा क्रमही बदला: आधी भाजी आणि मासळी, भात शेवटी. याने पोटातून अन्न सावकाश पुढे सरकतं आणि साखर एकदम उसळत नाही. पेजेला उकडा तांदूळ पांढऱ्या तांदळापेक्षा बरा. नाचणीच्या नावाने मात्र फसू नका. जाडसर दळलेल्या पिठाची भाकरी चांगली. गाळून काढलेलं नाचणीसत्त्व, त्यात गूळ, ही साखर झपाट्याने वाढवणारी गोष्ट आहे. गूळ साखरेपेक्षा निर्धोक नाही. कोकमाचं तसंच: आगळाच्या, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या अर्काच्या, सोलकढीत साखर नसते, सरबताच्या पाकात ती भरपूर असते. हापूस खायचा तर जेवणाबरोबर अर्धा, आणि त्या जेवणात भात तेवढा कमी. आमरस नको, वाटीभर रसात दोन आंबे कधी जातात ते कळत नाही.

वर्षातला सर्वांत नाजूक काळ जून ते गणपती. यांत्रिक मासेमारी बंद, मग श्रावण, त्यामुळे ताटातली प्रथिनं घटतात आणि भात वाढतो. पावसाने चालणं बंद होतं आणि शेवटी मोदक येतात. या महिन्यांसाठी आधीच बेत हवा. कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याचं सांबारं, मूग, चालत असतील त्यांना अंडी, यातलं काहीतरी रोज दोन्ही वेळेला. चालणं पडवीत करा: प्रत्येक जेवणानंतर १० ते १५ मिनिटं येरझारा. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनची फारशी मदत न घेता रक्तातली साखर उचलतो, म्हणून जेवणानंतरची ही वेळ सर्वांत किफायतशीर. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, १० चे तीन फेरे, आणि भिंतीला हात लावून जोर. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी घालून उंची वाढवा.

तंबाखूने, म्हणजे विडी-सिगारेटने, मधुमेहाचा धोका वाढतो. मशेरीही सोडलेलीच बरी. झोप रोज सहा तासांच्या आत जात असेल तर तीही सुधारायला हवी. कारल्याच्या रसावर भिस्त ठेवू नका. मधुमेहपूर्व अवस्थेत डॉक्टर कधी मेटफॉर्मिन हे साखरेचं औषध देतात, पण शेजाऱ्याच्या पट्टीतली गोळी घेणं धोक्याचं.

घरात तीन पिढ्या कोणी ना कोणी पोरसवदा वयात, अंगाने बारीक असताना, मधुमेही झालेलं असेल तर हा प्रकार वेगळा असू शकतो. डॉक्टरांना वंशावळ नीट सांगा.

बायकांच्या बाबतीत एक तपासणी हमखास चुकते. गरोदरपणी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा जास्त निघाली, तर तो गरोदरपणातला मधुमेह धरतात. बाळंतपणानंतर साखर बहुधा उतरते आणि विषय संपला असं वाटतं. पण अशा बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका कैक पटींनी जास्त असतो. बाळंतपणानंतर सहा ते बारा आठवड्यांत तीच ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते, यावेळी उपाशीपोटी. नेमकी तेव्हा ती माहेरी असते, समोर डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर, कागदपत्रं सासरी. दवाखान्यातून घरी सोडतानाच तपासणीची तारीख कार्डावर लिहून घ्यावी आणि कार्ड बाळाच्या लसीच्या कार्डाला टाचून माहेरी न्यावं. दीड महिन्याची लस आणि ही तपासणी एकाच फेरीत होते. नंतर साखर नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा.