डाउनलोड होतं ते आणि जोडावं लागतं ते

आमच्या फोंड्यातल्या छोट्या गटात पहिल्याच रविवारी एक प्रश्न आला. वीज खात्यातून निवृत्त झालेल्या काकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "ओपन सोर्स आहे ना रे? मग डाउनलोड करून घेऊ या. जमायचं कशाला?"

आम्ही हसलो, पण उत्तर कुणालाच धड देता आलं नाही. बिटकॉइन मायनिंगची, म्हणजे बिटकॉइनच्या बक्षिसासाठी अखंड आकडेमोड करणारी, खुली यंत्रं सहा जणांनी मिळून बनवायची, एवढाच बेत होता. (गोव्यात नुसतं 'मायनिंग' म्हटलं की समोरचा आधी "परत सुरू झालं?" असंच विचारतो. लोहखनिजाच्या ८८ लीज रद्द झाल्या २०१८ साली, पण शब्द ऐकला की डोळ्यांपुढे अजून डिचोलीचे ट्रकच येतात. त्या खनिजाचा इथे संबंध नाही.) काकांचा गोंधळ मात्र त्यांच्या एकट्याचा नव्हता. 'ओपन सोर्स मायनर' या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात, एक खुलं फर्मवेअर (यंत्राच्या आत चालणारा प्रोग्राम) आणि दुसरं खुलं हार्डवेअर (खुद्द बोर्डाचा आराखडा). पहिलं असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही आणि उलटही तसंच.

आम्ही निवडलं होतं बिटॅक्स. तळहातावर मावेल एवढा बोर्ड. त्यावर मायनिंगची एकच चिप, शेजारी वायफायवालं ईएसपी-३२ कंट्रोलर, चिपला नेमका व्होल्टेज देणारा रेग्युलेटर, वर हीटसिंक आणि पंखा. याच्या 'गॅमा' जातीत बीएम-१३७० नावाची चिप असते. हीच चिप अँटमायनर एस-२१ प्रो या ३,५१० वॅट खाणाऱ्या मोठ्या यंत्रात शेकड्यांनी असते, इथे ती एकटी असते. साधारण १७-१८ वॅटमध्ये ती सेकंदाला १.२ टेराहॅश, म्हणजे १.२ लाख कोटी वेळा हॅश (दिलेल्या माहितीतून ठरलेल्या गणिताने निघणारा आकडा) काढते.

आता काकांच्या प्रश्नाकडे. यातला जो भाग खरंच डाउनलोड होतो तो फर्मवेअर, म्हणजे ईएसपी-३२ वर चालणारा प्रोग्राम. पूलशी (ताकद एकत्र करून बक्षीस वाटून घेणाऱ्या मायनरांच्या गटाशी) बोलायचं, आलेलं काम चिपला द्यायचं, चिपने परत पाठवलेले आकडे तपासायचे, तापमान वाढलं तर पंखा जोरात फिरवायचा, एवढं सगळं तो करतो. हा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, बदलावा, स्वतः कंपाइल करावा आणि यूएसबीने बोर्डात भरावा. शंभरावी प्रत काढायला पहिल्या प्रतीइतकाच खर्च, म्हणजे शून्य. चूक निघाली तर रात्री दुरुस्ती येते, सकाळी चहा पिता पिता ब्राउझरमधून अपडेट मारता येतं. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी आमची एक मुलगी आहे. तिने पंख्याचा वेग बदलणारा तुकडा दोन दिवसांत लिहिला, चुकला, पुन्हा लिहिला. कुणाचं काही जळलं नाही.

बोर्डाचं तसं नसतं. खुलं हार्डवेअर म्हणजे सर्किटची आकृती, बोर्डावर तारा कुठून कुठे जातात त्याचा आराखडा, भागांची यादी, कुठला भाग कुठे बसतो त्याची फाइल. हे सगळं किकॅड नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये उघडतं, आणि उघडलं की बदलता येतं. शेवटची अट महत्त्वाची. काही जण फक्त गर्बर फाइल टाकतात, म्हणजे कारखान्याला बोर्ड छापायला लागणारं तयार चित्र. शिंप्याने शिवलेला सदरा दाखवावा पण बेतलेला कागद द्यायचा नाही, तसं ते. सदऱ्यावरून सदरा शिवता येतो, पण गळा दोन बोटं मोठा करायचा तर घाम फुटतो.

बेतलेला कागद मिळाला तरी कापड, सुई, हात हे आपलेच. ते आम्हाला त्या रविवारी उमगलं नव्हतं. फाइल्स पाच मिनिटांत उतरल्या. बोर्ड छापून यायला, भाग जमवायला आणि त्यातले अर्धे कस्टममधून सुटायला दोन महिने गेले. आणि भाग आले तेव्हा कळलं की ही चिप पायांवर उभी नसते, तिच्या पोटाखालीच जोड असतात. साध्या सोल्डरिंग आयर्नने तिथे पोचताच येत नाही. सोल्डर पेस्ट लावायची, चिप ठेवायची, खालून-वरून गरम करायचं, आणि ती आपसूक सरकून जागेवर बसते ती पाहायची.

इथे आमच्यातला एकच माणूस कामाचा निघाला, तो म्हणजे म्हापशाचा मोबाइल दुरुस्तीवाला. पदवी-बिदवी नाही, पण फोनच्या चिपा काढणं-बसवणं हे त्याचं रोजचं काम. हॉट एअर गन त्याच्या हातात अशी चालते की बघत राहावं. त्याने पहिला बोर्ड आमच्यासमोर केला आणि म्हणाला, "फाइल तुमची, पण हवा माझी." माझ्या मते खुल्या हार्डवेअरच्या चर्चेत हाच भाग सगळ्यांत कमी बोलला जातो. कोड उघडा केला की वाचणाऱ्याला संगणक पुरतो. आराखडा उघडा केला तर त्या हवेवाल्याशिवाय तो भिंतीवर लावायच्या चित्राएवढाच.

चुकांचाही हिशोब वेगळा. माझीच सांगतो. हा बोर्ड ५ व्होल्टवर चालतो. घरात राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर पडला होता, पिन बरोबर बसली, लावला. क्षणभर काहीच झालं नाही, मग जळलेल्या बेकलाइटसारखा वास आला. चुकीची ओळ लिहिली असती तर जुनी प्रत परत घातली असती. इथे एक रेग्युलेटर आणि कदाचित चिपही गेली. काका एवढंच म्हणाले, "पाटीवर व्होल्टेज लिहिलेलं असतं. चाळीस वर्षं आम्ही तेच वाचत आलो."

त्यात आपलं हवामान. फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं रसायन) नीट धुतला नाही आणि जून लागला की ओल्या खारट हवेत बोर्डावर हिरवट बुरशीसारखा गंज धरतो, दोन तारांच्या मध्ये करंट झिरपू लागतो. म्हापशेकराने प्रत्येक बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रशने घासून धुतला, वर संरक्षक लेप मारला. फर्मवेअरच्या कुठल्याही ओळीला पावसाळा माहीत नसतो.

दोघांची गाठ जिथे पडते तिथेही घोळ होतो. गॅमाच्या बोर्डांवर ६०१, ६०२ असे आवृत्तीचे आकडे असतात. फर्मवेअरला आपण कुठल्या बोर्डावर आहोत ते सांगावं लागतं. चुकीचा आकडा दिला तर प्रोग्राम सुखरूप, बोर्ड सुखरूप, आणि तरी यंत्र मुकं. आमची एक संध्याकाळ यातच गेली.

मग चिप? मला स्वतःला सगळ्यांत जास्त खुपतं ते हेच. फर्मवेअर उघडं, बोर्ड उघडा, पण दोघांच्या मध्ये बसलेली जी चिप सगळं खरं काम करते ती पूर्ण बंद. तिची अधिकृत डेटाशीट, म्हणजे तांत्रिक माहितीपत्रक, लोकांसाठी नाही, बनवणारी कंपनी ती किरकोळीत विकतही नाही. जुन्या यंत्रांच्या बोर्डांवरून उतरवलेल्या किंवा मधल्या व्यापाऱ्यांकडून आलेल्या चिपा लोक वापरतात. तिच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं हे समुदायाने जुना खुला कोड वाचून आणि तारांवरचे सिग्नल तपासून शोधून काढलं. म्हणजे घर उघडं, माजघर उघडं, देवघराला कुलूप.

गंमत अशी की हे कुलूप पूर्वी नव्हतं. बिटकॉइन सुरू झालं जानेवारी २००९ मध्ये, तेव्हा साधा संगणक पुरायचा. मग ग्राफिक्स कार्डं आली. २०११ मध्ये एफपीजीएसाठीचा खुला बिटकॉइन मायनर प्रसिद्ध झाला. एफपीजीए ही अशी चिप असते जिच्या आतली जोडणी आपण लिहून बदलू शकतो. बिटकॉइनचा एसएचए-२५६ हॅश कुठल्या पायरीला कसा काढायचा, ते वेरिलॉग या सर्किट लिहायच्या भाषेत लिहिलेलं होतं आणि ते कुणीही वाचू शकत होतं. चिप विकतची, पण तिच्या आत काय चाललंय ते उघडं. फर्मवेअर कुठे संपतं आणि हार्डवेअर कुठे सुरू होतं, हा प्रश्नच तिथे धूसर होतो. जानेवारी २०१३ मध्ये अॅव्हलॉनच्या पहिल्या खास मायनिंग चिपा ग्राहकांपर्यंत पोचल्या आणि त्यानंतर ते तर्कशास्त्र सिलिकॉनमध्ये गोठलं. वेग हजारो पटींनी वाढला, वाचायला मात्र काही उरलं नाही. आजचा छानसा खुला बोर्ड त्या २०११ च्या ओबडधोबड बोर्डापेक्षा एका अर्थी कमी खुला आहे, असं मी म्हणतो तेव्हा आमची फर्मागुडीवाली चिडते. पण अजून तिने खोडून काढलेलं नाही.

मग खुली चिपच का बनवू नये? २०२० पासून चिप छापायची १३० नॅनोमीटरची एक खुली कृती उपलब्ध आहे (आकडा लहान तितकी चिप बारीक आणि वीज कमी), हौशी लोक त्यावर छोट्या चिपा छापूनही घेतात. पण मायनिंगच्या चिपा ५ नॅनोमीटर आणि त्याखाली पोचल्यात. १३० वर केलेली चिप चालेल, फक्त तिने कमावलेल्या प्रत्येक रुपयामागे विजेचं बिल कितीतरी पट जाईल. शाळेच्या प्रदर्शनासाठी उत्तम.

परवान्याकडे लोक कंटाळून बघतात, म्हणून थोडक्यात. कोडला कॉपीराइट आपोआप लागतो आणि जीपीएलसारखे परवाने त्याच खुंटीला टांगलेले असतात: घे, बदल, पण वाटलास तर बदलही उघडे ठेव. सर्किटच्या आकृतीला चित्र म्हणून कॉपीराइट असेल, पण त्या आकृतीवरून बनवलेल्या वस्तूपर्यंत तो सहज पोचत नाही. म्हणून हार्डवेअरसाठी वेगळे परवाने लिहावे लागले. सर्न या प्रयोगशाळेचा असा परवाना २०११ चा, त्याची दुसरी आवृत्ती २०२० ची. आपल्याकडे चिपच्या आतल्या रचनेसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे, पण तो चिपचा, बोर्डाचा नाही.

काकांना हे समजावताना मी कोमुनिदादचं, म्हणजे गोव्यातल्या गावच्या सामायिक जमिनीच्या जुन्या व्यवस्थेचं, उदाहरण घेतलं. जमीन गावाची, वापर नियमाने, विकून खायची नाही. त्यांनी लगेच पकडलं: "पण जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, गावकाऱ्यालाच मिळतो. इथे कुणीही येऊन घेतो की." खरं आहे. उदाहरण तिथेच मोडलं. खुल्या आराखड्याला वंशावळ नसते. चीनच्या शेन्झेनमधल्या कुणीही तो घेऊन स्वस्तातला रेग्युलेटर आणि पातळ तांब्याचा बोर्ड वापरून विकला तर, परवान्याने आपले बदल उघडे करावेत असं म्हटलं तरी, दर्जाबद्दल परवाना चकार शब्द काढत नाही.

म्हणून विकत घेताना 'ओपन सोर्स' ही पाटी बघून भुलू नये. नेमकं काय उघडं आहे ते विचारावं. बंद बोर्डावर खुलं फर्मवेअर घातलेली यंत्रं या पाटीखाली मिळतात, आणि कित्येक मोठ्या बंद यंत्रांच्या पोटात सीजीमायनर या २०११ च्या खुल्या प्रोग्रामवरून घेतलेला कोड असतोच. उलट, उघड्या बोर्डात विक्रेत्याने स्वतःचं फर्मवेअर घालून ठेवलं असेल तर तुमच्या हॅशमधला वाटा कुणाच्या पत्त्यावर जातोय ते तुम्हाला दिसणार नाही. यावर मात्र उपाय सोपा: मूळ कोडवरून स्वतः फर्मवेअर बनवून पुन्हा भरायचं. बोर्डाच्या बाबतीत असं 'पुन्हा भरणं' नसतं. तिथे भिंग घ्यायचं आणि एकेक भाग यादीशी ताडायचा. तो कंटाळवाणा उद्योग काकांनी हौसेने केला.

सहापैकी चार बोर्ड चालले. एक माझ्या अडॅप्टरने खाल्ला, एक सुट्या भागांसाठी ठेवला.

कमाईचं सगळे विचारतात. २०२५ मध्ये जगभरच्या मायनिंगचा वेग एक झेटाहॅशच्या घरात पोचला, म्हणजे एकावर एकवीस शून्यं. त्यात आपला १.२ टेराहॅश. दर दहा मिनिटांना एक ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा, तो ज्याला लागेल त्याला बक्षीस) या हिशोबाने एकट्याने ब्लॉक लागायला सरासरी १५,८०० वर्षं. मांडवीतल्या कॅसिनोतली रुलेसुद्धा याहून कितीतरी लवकर तुमच्या आकड्यावर थांबते. पूलमध्ये गेलं तर एप्रिल २०२४ नंतरच्या ३.१२५ बिटकॉइन बक्षिसातून दिवसाला सुमारे ५४ सातोशी (एक सातोशी म्हणजे बिटकॉइनचा दहा कोटीवा भाग) वाट्याला येतात. बिटकॉइनचा भाव ८० लाख रुपये धरला तर ४ रुपये ३० पैसे. वीज दिवसाला ०.४३ युनिट, युनिटला ५ रुपये धरले तर २ रुपये १५ पैसे. विकलं की नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस, आणि मायनिंगच्या साधनसामग्रीचा खर्च त्यातून वजा होत नाही असं केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितलेलं आहे.

काकांनी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलने मांडलं. कर पूर्ण ४ रुपये ३० पैशांवर धरला तर उरतात दिवसाला ८० पैसे. तीसने गुणलं, चष्मा पुन्हा कपाळावर नेला. "महिन्याला चोवीस रुपये. एक चहा आणि एक बन." मग बोर्ड टीव्हीमागे, पंख्याचा आवाज झोपायच्या खोलीत जाणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून आले.