जड स्टिअरिंग आणि खारी हवा

जुनी ओम्नी गॅरेजात नेऊन ‘स्टिअरिंग जड झालंय’ एवढंच सांगितलं, की बरेचदा उत्तर मिळतं, ‘रॅक गेलाय, बदलावा लागेल.’ रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की आडवा सरकून पुढची चाकं वळवणारा दात्यांचा दांडा. कधी ते खरंही असतं. पण किनाऱ्यालगत वापरलेल्या व्हॅनचा रॅक धडधाकट असूनही स्टिअरिंग जड होतं, आणि मग नवा रॅक टाकूनही दुखणं जिथल्या तिथेच राहतं. म्हणून खिशात हात घालण्याआधी तक्रार नेमकी करावी. जड म्हणजे केव्हा? गाडी उभी असताना की धावताना? पूर्ण फेरीत सारखंच जड, की मध्येच अडतं आणि पुन्हा सुटतं? वळण संपल्यावर चाकं आपसूक सरळ होतात का?

‘मारुती व्हॅन’ या नावाने ही गाडी 1984 साली आली आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तेव्हा आज हर्णैच्या बंदरावर किंवा मालवणच्या बाजारात दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच. तिला पॉवर स्टिअरिंग नाही आणि निदानाच्या दृष्टीने हा मोठा फायदा आहे. चाकं आणि हात यांच्यामध्ये मदतीला पंप किंवा मोटर नसल्यामुळे खालचा प्रत्येक अडथळा थेट हाताला कळतो.

या व्हॅनमध्ये ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो. त्यामुळे स्टिअरिंगचा दांडा उभा खाली येतो आणि कोन बदलून रॅकपर्यंत पोचतो. हा कोन सांभाळतो तो यूजे, म्हणजे युनिव्हर्सल जॉइंट. दोन दुबेळकी तोंडं आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हाच्या आकाराचा क्रॉस, एवढीच त्याची रचना. क्रॉसच्या चारही टोकांवर छोट्या टोप्या असतात आणि टोप्यांच्या आत सुईसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग.

या जॉइंटला एक गणिती खोड आहे. वरचा दांडा एकसारख्या वेगाने फिरवला तरी खालचा तसा फिरत नाही, तो एका फेरीत दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दोन दांड्यांमधला कोन 30 अंशांचा असेल, तर वेग सुमारे 13 टक्क्यांनी घटतो आणि सुमारे 15 टक्क्यांनी वाढतो. जॉइंट मोकळा असेपर्यंत हे हाताला फारसं जाणवत नाही. एखाद्या टोपीत गंज धरला, की क्रॉस ठरावीक ठिकाणी अडू लागतो. म्हणून एका फेरीत स्टिअरिंग दोनदा घट्ट आणि दोनदा सैल लागत असेल, तर पहिला संशय रॅकवर नव्हे, जॉइंटवर घ्यावा. रॅकच्या बिघाडात अशी दोनाची लय सहसा सापडत नाही.

कोकणात हा जॉइंट एवढा का धरतो? समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की त्यांचे सूक्ष्म तुषार वाऱ्यावर स्वार होऊन आत गावापर्यंत येतात. आता स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा: पावसाळ्यात झाकण लावूनही मीठ ओलं होतं. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली, की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. समुद्राच्या क्षारांतलं मॅग्नेशियम क्लोराइड तर 33 टक्क्यांच्या आसपासच पाझरू लागतं. म्हणजे दाभोळ-धोपावे फेरीबोटीतून उतरताना गाडीच्या पोटाला खारं पाणी लागलं, किंवा मासळीच्या टपातलं बर्फाचं खारट पाणी फटीतून खाली झिरपलं, तर नंतर पाऊस नसला तरी तो भाग पुरता सुकत नाही. क्लोराइडमुळे गंजाचा थर लोखंडाला झाकून वाचवू शकत नाही. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. टोपीच्या आत ती जागाच नसते, म्हणून सुया जागच्या जागी आवळल्या जातात.

निदानाची खरी युक्ती म्हणजे साखळी तोडत जाणं. आधी टायरमधली हवा बघा, कमी हवेनेही स्टिअरिंग जड होतं. मग पुढची दोन्ही चाकं उचला. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, घोडे, म्हणजे गाडी पेलणारे लोखंडी स्टँड, लावायचेच. पावसाळ्यात भिजलेल्या लाल मातीत जॅक खचतो, म्हणून खाली जाड फळी हवी. चाकं अधांतरी असताना स्टिअरिंग हलकं लागलं, तर दोष टायर, अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा वजन पडल्यावरच आवळणाऱ्या एखाद्या भागात शोधावा. तरीही जडच असेल, तर दोन्ही टाय रॉड एंड, म्हणजे रॅकला चाकांशी जोडणाऱ्या दांड्यांची टोकं, चाकांपासून सोडवा. मग प्रत्येक चाक हाताने वळवून बघा. चाक अडत असेल, तर चाक ज्यांवर वळतं त्यांपैकी खालचा बॉल जॉइंट किंवा वरचं स्ट्रट बेअरिंग धरलंय. चाकं मोकळी असतील, तर यूजे रॅकपासून सोडवा आणि दोन्ही वेगवेगळे फिरवा. आता दोषी लपून राहूच शकत नाही. या सगळ्याला अर्धा दिवस जातो, पण नव्या रॅकचे पैसे वाचतात.

वळणानंतर स्टिअरिंग सरळ न येणं हेही याच चाचणीतून उलगडतं. चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो वरच्या बाजूला किंचित मागे झुकलेला असतो, त्यामुळे टायर रस्त्याला टेकतो ती जागा त्या अक्षाच्या थोडी मागे पडते. गाडी पुढे जाताना रस्त्याचं घर्षण चाकाला सरळ रेषेत ओढतं. हा जोर माफक असतो, धरलेल्या जॉइंटचं घर्षण त्याला सहज पुरून उरतं. परशुराम घाटासारख्या वळणांच्या रस्त्यावर प्रत्येक वळणानंतर स्टिअरिंग हाताने परत आणावं लागत असेल, तर गाडी वेळ न घालवता तपासून घ्यावी.

ठरावीक वेगाला होणारी थरथर ही वेगळी तक्रार. ओम्नीचं 12 इंची चाक ताशी 60 किलोमीटरला सेकंदाला सुमारे 10 फेऱ्या मारतं. रिमच्या कडेला आतून 30 ग्रॅम चिखल वाळून बसला असेल, तर त्या वेगाला तो पावणेदोन किलो वजनाएवढ्या जोराने चाकाला बाहेर खेचतो. त्यामुळे बॅलन्सिंगच्या, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करून घेण्याच्या, आधी रिम आतून धुवावी.

धरलेल्या जॉइंटवर गंज सोडवणारं तेल मारलं, की तो काही दिवस मोकळा होतो. पण उरलंसुरलं ग्रीसही त्या तेलाबरोबर वाहून जातं आणि पुढच्या खेपेला तो आणखी घट्ट धरतो. तो बदलणंच योग्य. काढण्याआधी दांड्यावर आणि जॉइंटवर रंगाची सलग रेघ ओढून ठेवावी. दांड्यावर दोन जॉइंट असतील, तर एकाच्या वेगातली चढउतार दुसरा भरून काढतो, पण ते दोन्ही एकमेकांशी ठरलेल्या कोनात बसले तरच. ती रेघ चुकली, तर जॉइंट कोरा करकरीत असूनही स्टिअरिंग प्रत्येक फेरीत दोनदा घट्ट लागेल.