ऊन वाढलं म्हणून टायरची हवा काढू नका (आमच्या टू-व्हीलर गिऱ्हाइकांसाठी)

मार्च लागला की दुकानात रोज कोणीतरी म्हणतंच, ऊन लई आहे, थोडी हवा काढून द्या, नाहीतर टायर फुटंल. सोलापूरच्या उन्हात भीती वाटणारच, पण खरं उलटं आहे बघा. हवा कमी असली की चाक फिरताना टायरची बाजू जास्त दबते आणि परत ताठ होते, या सारख्या दबण्यानंच टायर आतून तापतो, वरनं ऊन, खालनं तापलेलं डांबर, आणि तसंच तुळजापूर नाहीतर पुणे हायवेला डबलसीट पळवली की रबराचे थर सुटायला लागतात. टायर फुटतो तो बहुतेक वेळा असा. गाडी चालली की हवा दोन-चार पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) वाढते, ते कंपनीनं आधीच धरलेलं असतं, म्हणून गरम टायरची हवा काढायची नाही, चेक करायची ती सकाळी थंड टायरवर.

किती मारायची? टायरवर जो आकडा छापलेला असतो तो जास्तीत जास्त किती चालेल त्याचा आहे, तो बघून हवा मारू नका. आपल्या गाडीचा आकडा चेनकव्हरवर किंवा मागच्या चाकाजवळ स्टिकरवर असतो, नाहीतर गाडीबरोबरच्या पुस्तकात. बऱ्याच 100-125 सीसी गाड्यांना पुढं 25 च्या आसपास, मागं एकट्याला 28-29, आणि डबलसीटला मागं 32 पासून पार 40 पर्यंत, गाडीगणिक वेगळं. चादरींचे गठ्ठे मागं बांधून फिरणाऱ्यांनी डबलसीटचाच आकडा धरावा. पुढं-मागं दोन्हीकडं सारखी 35 मारा असं म्हणू नका, पुढच्या चाकाला ते जास्त होतं.

जास्त हवेचं नुकसान असं की टायर फुगून फक्त मधली पट्टी रस्त्याला टेकते, मधूनच घासून गोटा होतो, ब्रेक मारला की पकड कमी पडते, खडीवर नाहीतर मुरमावर पुढचं चाक सटकतं आणि प्रत्येक खड्डा थेट हातात बसतो. (रोज सरळ हायवेनंच जाणाऱ्यांचा टायर हवा बरोबर असली तरी मधून जास्त झिजतो, तिथं लगेच हवेला दोष देऊ नका.) कमी हवेत हँडल जड लागतं, वळणावर गाडी उशिरा कलते आणि मागून डुलल्यासारखी होते, टायर कडेकडेनं घासतो, पेट्रोल जास्त जातं. खड्ड्यात रिम वाकते. ट्यूबवाल्या गाडीत तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि वॉल (हवा भरायची नळी) मुळातनं तुटतो, तो पंक्चर काढून नीट होत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

अंगठ्यानं दाबून हवा कळत नाही. टायर कडक असला की 20 लाही घट्टच लागतो, हवा मोजायचं गेज लावा. पंक्चर नसलं तरी महिन्याला एक-दोन पॉइंट हवा आपोआप उतरते, म्हणून पंधरा दिवसातनं एकदा तरी बघाच, साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला असला तरी. वॉलची टोपी हरवली असंल तर दुकानात मागा, तिच्याविना धूळ आत बसून हवा गळते.

टायरच्या बाजूला छोटा त्रिकोण नाहीतर टीडब्ल्यूआय असं लिहिलेलं असतं, त्याच्या सरळ रेषेत खाचेत रबराचा उंचवटा आहे, वरचं रबर झिजून त्याच्या बरोबरीला आलं की टायर संपला, मग हवा कितीही बरोबर ठेवा, पावसाळ्यात तो धरणार नाही. सकाळी दुकान उघडलं की या, गेज लावून दाखवतो, त्याचे पैसे घेत नाही.