एफएमवर पाण्याची पातळी कळते, पण पुढचं नाही

सांगलीत विश्रामबागेतून रिक्षात बसलं की एफएम चालूच असतो. गाणी, सराफाची जाहिरात, अॅकॅडमीची जाहिरात, परत गाणी. स्टेशनच्या स्वतःच्या बातम्या मात्र नाहीत, आणि इतक्या वर्षांत हे आपल्याला खटकलंही नाही.

१९९१ नंतर बाजार खुला झाला, टीव्हीवर खाजगी न्यूज चॅनल आले, पेपर तर आधीपासूनच खाजगी. मग रेडिओच का मागं राहिला? एक कारण विज्ञानातलं आहे. एफएमला ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ एवढीच जागा, दोन स्टेशनं जवळ आली की आवाजात आवाज मिसळतो, म्हणून वाटप कुणीतरी करायलाच पाहिजे आणि ते सरकार करतं, हा अधिकार आला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातून. पण वाटप करणं वेगळं आणि काय बोलायचं ते ठरवणं वेगळं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टानं, न्या. पी. बी. सावंत त्या खंडपीठात होते, रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं स्पष्ट सांगितलं. तरी खाजगी एफएमला आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचीच मुभा मिळाली. पूर, वीज, पाणी यांची माहिती देता येते, पण प्रशासनानं दिलेली.

चीनमध्ये हाच प्रकार फार मोठ्या प्रमाणात झाला. १९७८ ला सुधारणा सुरू झाल्या, १९७९ ला शांघाय टीव्हीवर पहिली जाहिरात लागली, पुढं पेपर जाहिरातींच्या पैशावर चालायला लागले पण लगाम कम्युनिस्ट पक्षाच्याच हातात राहिला. हार्वर्डचे अभ्यासक गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी तिथल्या सोशल मीडियावरच्या लाखो पोस्ट तपासून २०१३ मध्ये शोधनिबंध छापला, त्यात दिसलं की सरकारवरची जहाल टीकासुद्धा बऱ्याचदा राहू द्यायचे, उडवायचे ते लोकांना एकत्र रस्त्यावर आणू शकतील अशा पोस्ट. म्हणजे पैसा कुठूनही येऊ दे, मोक्याची किल्ली हातातून सोडायची नाही.

२०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. लाईट नाही, मोबाईल बंद पडलेले, आमच्या काकू माळ्यावर सेलवरचा रेडिओ कानाला लावून बसलेल्या. पातळी कळत होती. कोयना धरणातनं पाणी आधीच का सोडलं नाही, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचं काय चाललंय, हे अधिकाऱ्याला विचारणारा आवाज त्यांना एफएमवर शेवटपर्यंत ऐकू आला नाही.